इथिओपियाचें ताट

परदेशाची ओळख करून घेण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. कोणी त्या देशाचा इतिहास वाचतो, कोणी तेथील प्रवासवर्णनें चाळतो. परंतु ज्याच्यापाशीं वेळ थोडा आणि भूक बरी आहे, त्यानें त्या देशाच्या माणसांनीं चालविलेल्या एखाद्या लहानशा उपाहारगृहांत जाऊन बसावें, यासारखा दुसरा सुलभ उपाय मला तरी माहीत नाहीं. श्रोतेहो, आज मी आपल्याला अशाच एका जेवणाला नेणार आहें. जेवण इथिओपियाचें आहे. उपाहारगृह मात्र अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन शहरांत आहे. हें कोडें प्रथम उलगडलें पाहिजे.

इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतला ॲबिसीनिया. 'हबशी' हा आपल्याकडचा शब्द त्या देशाच्या 'हबश' या अरबी नांवावरून आला. आपल्याकडे पुढें त्या शब्दाला जो हिणकस वास लागला, त्याच्याशीं त्या लोकांचा कांहीं संबंध नाहीं. तेथील पठारावरचे लोक आजहि स्वतःला अभिमानानें 'हबेशा' म्हणवितात. त्याच देशांत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि शेवटीं अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर आपल्याला परका नाहीं. १६२६ सालीं तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे, आणि त्यानें वसविलेल्या खडकीचेंच पुढें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, झालें. इतकें जुनें नातें असूनहि त्या देशांतलें माणूस रोज जेवतें काय, हें आपल्यापैकीं फारच थोड्यांना सांगतां येईल.

१९७४ सालीं इथिओपियांत राज्यक्रांति होऊन सम्राट् हैले सेलासी पदच्युत झाले. मागून आलेली लष्करी राजवट फार क्रूर निघाली, आणि हजारों माणसें देशोधडीला लागलीं. त्यांतलीं पुष्कळ वॉशिंग्टनच्या आसपास स्थिरावलीं. चांगल्या शिकलेल्या माणसांनीं तेथें टॅक्सी चालविल्या, मोटारतळांवर नोकऱ्या केल्या. आणि कोणाच्या आईनें, कोणाच्या बहिणीनें एखादा गाळा भाड्यानें घेऊन चूल पेटविली. १९७८ सालीं निघालेलें 'मामा देस्ता' हें त्या शहरांतल्या अगदीं पहिल्या अशा उपाहारगृहांपैकीं एक. पुढें ॲडम्स मॉर्गन नांवाच्या भागांत आणि नंतर यू स्ट्रीट व नववा रस्ता यांच्या बाजूला अशा उपाहारगृहांची रांगच लागली. ज्याला घरीं परत जातां येत नाहीं, तो घर ताटांत मांडूं पाहतो. ही भूक पोटाची नसते, आणि म्हणूनच हीं लहान उपाहारगृहें रीतिरिवाजांच्या बाबतींत एवढीं काटेकोर असावींत असें मला वाटतें.

आम्ही गेलों तें उपाहारगृह अगदींच लहान होतें: सहा-सात मेजें, भिंतीवर अखंड खडकांत कोरलेल्या लालिबेलाच्या प्रार्थनामंदिरांचें एक चित्र, आणि गल्ल्याशेजारीं पारदर्शक पिशव्यांत घड्या घालून विक्रीस ठेवलेल्या मऊ पोळ्यांची चळत. माझ्याबरोबर माझा मावसभाऊ, पुण्याहून त्याच्याकडे राहावयास आलेली माझी वृद्ध मावशी, आणि भावाच्या कचेरींतला एक इथिओपियन सोबती होता. मावशी शाकाहारी; शिवाय उष्ट्याखरकट्याच्या बाबतींत तिच्या घरीं अजून जुना कायदा चालतो. वार बुधवार होता, आणि त्याचा आम्हांला फायदा झाला. तो कसा हें पुढें सांगेन.

ज्याच्याभोवतीं आम्ही बसलों तें मेज म्हणावें तर मेज नव्हतें. रंगीत गवताच्या काड्यांची घट्ट विणलेली, डमरूच्या आकाराची ती एक मोठी टोपली होती. तिला 'मेसोब' म्हणतात. बसण्याला भोंवतीं बुटकीं आसनें. यजमानीण तांब्या आणि पसरट भांडें घेऊन आली व तिनें प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलें. परदेशांत आल्यापासून जेवणापूर्वीं हात धुण्याचा आग्रह करणारी ही पहिलीच जागा मावशीला भेटली होती. तिचा चेहरा निवळला. चमचे-कांटे नाहींत, जेवावयाचें तें उजव्या हातानें, हें कळल्यावर तर तिला माहेरीं आल्यासारखें वाटलें. पण हें समाधान फार वेळ टिकलें नाहीं. ताट आलें तें एकच.

"आणि बाकीचीं ताटें?" तिनें हळूच विचारलें.

बाकीचीं ताटें यावयाचीं नव्हतीं. मावशीची ही अडचण हाच खरा आजचा विषय आहे. परंतु तिच्याकडे वळण्याआधीं त्या ताटांत काय होतें तें पाहूं.

ताट सव्वा हात तरी रुंद होतें. त्याच्या तळाशीं एक मऊ, ओलसर, करड्या रंगाची, सच्छिद्र चादर अंथरलेली होती. प्रथम पाहणाऱ्याला तें हात पुसण्याचें फडकें वाटावें. ही चादर म्हणजेच इथिओपियाचें मुख्य अन्न, 'इंजेरा'. ती पोळी आहे, पत्रावळ आहे आणि चमचाहि आहे. तिच्यावर निरनिराळ्या भाज्यांचे व आमट्यांचे लहान लहान ढीग वाढलेले असतात, आणि बाजूला इंजेराच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. गुंडाळींतला तुकडा तोडावा, त्याच्या चिमटींत भाजी धरावी आणि तोंडांत टाकावी, अशी रीत. अन्न बोटांच्या टोकांपलीकडे जाऊं द्यावयाचें नाहीं, आणि बोटें चाटणें तर अगदींच असभ्य. कोंकणांत आमटीभात कालवून जेवणाऱ्याला हें बंधन जरा जाचेल.

इंजेरा ज्या धान्याची होते त्याला 'टेफ' म्हणतात. पिकविल्या जाणाऱ्या धान्यांत याच्याइतका बारीक दाणा दुसऱ्या कोणाचा नाहीं. एका ग्रॅममध्यें सुमारें ३,००० दाणे बसतात. गव्हाच्या एका दाण्याशीं तोलावयाला टेफचे १५० दाणे लागतात. याच्यापुढें आपली नाचणी म्हणजे वाटाणा! पावसानें ओढ दिली तरी हें पीक तग धरतें आणि शेतांत पाणी सांचलें तरी सहसा दगा देत नाहीं. लोह आणि चुना त्यांत चांगल्या प्रमाणांत असतो. परंतु गव्हाच्या कणकेला ताण देणारा जो ग्लूटेन नांवाचा चिकट पदार्थ, तो टेफमध्यें नाहीं. ग्लूटेन नाहीं तर पिठांत हवेचे बुडबुडे टिकावे कसे? आणि बुडबुडे टिकले नाहींत तर पोळी मऊ व्हावी कशी? इथिओपियाच्या गृहिणींनीं हा प्रश्न कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून सोडविला आहे.

पीठ पाण्यांत भिजवून त्यांत मागच्या खेपेच्या आंबवणावर आलेलें व राखून ठेवलेलें पिवळसर पाणी घालतात. त्याला 'एर्शो' म्हणतात. आपल्या विरजणाचेंच तें भावंड. दोन-तीन दिवस पीठ आंबतें. मग वर आलेलें पाणी ओतून टाकून थोडें पीठ वेगळें काढतात, तें पाण्यांत शिजवतात आणि ती दाट खळ, 'अब्सित', मूळ पिठांत परत मिसळतात. ग्लूटेननें करावयाचें काम ही खळ करते: ती बुडबुड्यांना धरून ठेवते. पीठ पुन्हां फुगून आलें कीं 'मिताद' नांवाच्या मोठ्या मातीच्या तव्यावर तें बाहेरच्या कडेपासून आंत मध्यापर्यंत चक्राकार ओततात आणि वर झांकण घालतात. इंजेरा उलटीत नाहींत. खालची बाजू तव्यावर भाजते, वरची वाफेवर शिजते, आणि त्या वरच्या बाजूस शेंकडों छिद्रें उमटतात. अम्हारिक भाषेंत या छिद्रांना 'डोळे' म्हणतात. डोळे जितके दाट आणि सारखे, तितकी सुगरण थोर. आंबोळीला जाळी पडली कीं नाहीं हें आपल्याकडे ज्या नजरेनें पाहतात तीच ही नजर. चव मात्र आंबोळीहून पुष्कळच आंबट. कित्येकांना पहिला तुकडा आवडत नाहीं, याचें कारण ते तो नुसताच खाऊन पाहतात. आंबटपणाला तिखटाची जोड मिळाल्यावांचून इंजेराविषयीं मत देऊं नये.

परदेशांतल्या इंजेरांत बहुधा गव्हाचें किंवा जवाचें पीठ मिसळलेलें असतें, कारण टेफ महाग पडतें. शिवाय टेफ मिळण्याचीच एके काळीं पंचाईत होती. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतांत त्याची लागवड सुरू झाली, तेव्हां ती कांहींशी दूर झाली. २००६ सालीं तर इथिओपियाच्या सरकारनें दाण्याची निर्यातच बंद केली. परदेशच्या मागणीनें भाव चढून गरिबाच्या घरची इंजेरा तुटूं नये हा हेतु. पुढें ही बंदी थोडी सैल झाली. याच सुमारास नेदरलंडमधील एका कंपनीनें टेफच्या पिठासंबंधीं युरोपांत पेटंट मिळविलें, आणि ज्यांच्या पूर्वजांनीं हें धान्य रानगवतांतून घडविलें त्यांनाच त्या बाजारांत परवानगी मागण्याची पाळी आली. २०१८ सालीं तेथील न्यायालयानें तें पेटंट निरर्थक ठरविलें. आपल्याला ही कथा ओळखीची वाटेल. जखमेवर हळद लावण्याच्या तथाकथित शोधाला १९९५ सालीं अमेरिकेंत दिलें गेलेलें पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतांना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें लढून १९९७ सालीं रद्द करविलें होतें.

आतां इंजेरावर काय असतें तें पाहूं. रश्शाला तेथें 'वत' म्हणतात, आणि वताचा सगळा जीव कांद्यांत आहे. कांदा अगदीं बारीक चिरून, तेलातुपाचा थेंबहि न घालतां, मंद विस्तवावर ढवळीत राहावयाचें. तो आपल्याच रसांत शिजतो, रस आटतो, कांद्याचा लगदा होतो. मग त्यांत तूप किंवा तेल पडतें. आपण आधीं तेल तापवून त्यांत फोडणी करतों. येथें क्रम उलटा आहे, आणि म्हणूनच त्या रश्शाला पिठाच्या लावणीवांचून दाटपणा येतो. तुपाचीहि तऱ्हा वेगळी. कढवितांनाच त्यांत आलें, लसूण, मेथी, हळद आणि 'कोररीमा' हा त्या देशचा वेलदोडा घालून तें गाळून ठेवतात. मसाला 'बर्बरे' नांवाचा: वाळलेल्या लाल मिरच्या, लसूण, आलें, कोररीमा, मेथी, ओवा, कलौंजी, सताप, आणि तुळशीच्या कुळांतली 'बेसोबेला' नांवाची एक वनस्पति. आपल्या परसांतली सताप मसाल्यांत पडते हें ऐकून मावशीला मोठें नवल वाटलें. तिच्या लेखीं ती पोरांच्या पोटदुखीची वस्तु. बर्बरे घातलेला रस्सा गडद तांबडा आणि चांगलाच तिखट. ज्यांना तें सोसत नाहीं त्यांच्यासाठीं हळदीच्या रंगाचा सौम्य 'अलिचा'.

आमच्या ताटांत मसुरीच्या डाळीचें तांबडें 'मिसिर वत' होतें, वाटाण्याच्या डाळीचा पिंवळा अलिचा होता, 'गोमेन' नांवाची हिरवी पालेभाजी होती, कोबी-गाजर-बटाट्याची भाजी होती. आणि मध्यभागीं शिरो. नांवावरून रव्याचा शिरा डोळ्यांपुढें येतो, पण घास घेतला मात्र, आणि माझा मावसभाऊ म्हणाला, "अरे, हें तर पिठलें!" हरभऱ्याचें किंवा तशाच कडधान्याचें पीठ मसाल्यांसह तयार ठेवतात व तें कांद्याच्या वाटणांत पाणी घालून रटरटवतात. घाईच्या वेळीं, गरिबींत आणि उपवासाच्या दिवशीं तेथें हेंच जेवण. इंजेरावर घातलेला शिरो आणि भाकरीवर घातलेलें पिठलें या दोहोंना एकमेकांपासून दूर ठेवणारा समुद्र मला त्या क्षणीं फार अरुंद वाटला.

तो तसा अरुंद आहेच. आपल्या देशावरची ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची, आणि आपली नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ प्रदेशांतली, असें वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. हजारों वर्षांपूर्वीं हीं धान्यें समुद्र ओलांडून आपल्याकडे आलीं. ज्या कारळ्याच्या चटणीला आपण अस्सल मराठी समजतों, त्या कारळ्याचें शास्त्रीय नांवच 'गिझोशिया ॲबिसिनिका' असें आहे. इथिओपियांत त्याला 'नूग' म्हणतात, आणि तेथील खाण्याच्या तेलांत नूगाचें तेल प्रमुख आहे. मावशीनें येतांना पुण्याहून कारळ्याची चटणी आणली होती. दुसऱ्या दिवशीं घरीं विकत नेलेल्या इंजेराबरोबर ती आम्हीं खाऊन पाहिली, आणि ती फार चांगली लागली. याउलट मिरची दोन्ही देशांना परकी. ती अमेरिका खंडांतली, १४९२ नंतर इकडे आलेली. पण आज तिच्यावांचून बर्बरेहि नाहीं आणि कोल्हापुरी मसालाहि नाहीं.

आतां बुधवारचें सांगतों. इथिओपियाच्या सनातन ख्रिस्ती पंथांत बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार आहेत. याखेरीज ईस्टरपूर्वीं ५५ दिवसांचा मोठा उपवास असतो, व दुसरे लहानमोठे आहेतच. सगळे पाळणाऱ्याचे वर्षाचे २०० हून अधिक दिवस उपवासांत जातात. हा उपवास आपल्यासारखा साबुदाण्याच्या खिचडीचा नव्हे. मांस, अंडीं, दूध, लोणी, तूप हें सर्व वर्ज्य. डाळ, भाजी, धान्य आणि तेल चालतें, आणि तेंहि निष्ठावंत माणूस दुपार उलटून गेल्यावरच घेतो. आपण उपवासाला दूध पितों आणि डाळ सोडतों. ते डाळ खातात आणि दूध सोडतात! या कडक नियमानें तेथील पाकशास्त्राला केवढें ऐश्वर्य दिलें आहे तें शाकाहारी माणसालाच कळेल. 'येत्सोम बेयाय्नेतु', म्हणजे उपवासाचें सर्व प्रकारचें, एवढें म्हटलें कीं तें सबंध रंगीत ताट पुढें येतें, आणि त्यांत प्राणिज असें कांहीं नसतें. इतर दिवशीं मात्र विचारून घ्यावें. गोमेन मांस घालूनहि करतात, आणि 'बोझेना शिरो' म्हटला कीं त्यांत गोमांस असतें. मांसाहारी मंडळींसाठीं कोंबडीचें आणि उकडलेल्या अंड्यांचें 'डोरो वत' हें सणाचें पक्वान्न आहे. कच्च्या मांसाचा किटफो हाहि तेथें मोठ्या मानाचा आहे. त्याविषयीं मला अनुभवानें कांहीं सांगतां येत नाहीं.

आणि आतां मावशीचें ताट. त्या देशांत एकट्यानें जेवणें हें जवळजवळ दुर्दैवाचें लक्षण समजतात. कोणी जेवत असतांना दुसरा आला तर जेवणारा 'इन्निब्ला' म्हणतो, म्हणजे 'चला, आपण जेवूं.' आपल्याकडचें 'या जेवायला' हेंच. फक्त आपल्याकडे येणाऱ्याला निराळें ताट मांडतात आणि तेथें त्याच ताटाशीं जागा करून देतात. प्रत्येकजण आपल्या समोरच्या बाजूचें खातो, दुसऱ्याच्या पुढ्यांतलें ओढीत नाहीं. पण ताट एक, आणि तळची इंजेरा एक.

आपल्याकडे हें अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. भावंडें एका ताटांत जेवतात. लग्नांत नवरानवरी नांव घेऊन एकमेकांना घास देतात. परंतु एका ताटाची ही सवलत आपण रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यापुरती राखून ठेवली, आणि त्यापलीकडे उष्टें, सोंवळें, पंगत, पंगतींतली जागा यांच्या भिंती उभारल्या. या भिंती केवळ स्वच्छतेच्या नव्हत्या हें आपल्याला पुरतें ठाऊक आहे. शेजारीं बसून झुणकाभाकर खाणें ही गोष्ट अनंत हरि गद्रे यांना चळवळ म्हणून करावी लागली, ती उगाच नव्हे. इथिओपियांत सारें समान आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तेथेंहि ख्रिस्ती माणूस मुसलमानानें कापलेलें मांस रूढीप्रमाणें खात नाहीं, आणि मुसलमान ख्रिस्त्यानें कापलेलें खात नाहीं. खाटकांचीं दुकानेंहि वेगळीं. साहजिकच जेथें दोन्ही धर्मांचे स्नेही एकत्र येतात तेथें डाळीभाजीचें ताट अनेकदां सर्वांची सोय करतें. बुधवारचें तें ताट केवळ आमच्या मावशीच्याच उपयोगीं पडणारें नव्हतें.

यजमानिणीनें अडचण ओळखली आणि कसलीहि कुरबुर न करतां मावशीसाठीं एक लहान ताट निराळें आणून ठेवलें. मावशी जेवूं लागली. पण या लोकांत 'गुर्शा' नांवाची एक रीत आहे. ज्याच्याविषयीं आदर किंवा माया दाखवावयाची, त्याच्यासाठीं आपल्या हातानें एक घास बांधावयाचा आणि तो त्याच्या तोंडांत घालावयाचा. घास जितका मोठा, तितका जिव्हाळा अधिक. वडील माणसाला तो मान आधीं. तो नाकारणें म्हणजे देणाऱ्याला नाकारणें. जेवण निम्में झाल्यावर यजमानीण आमच्याजवळ येऊन बसली. मावशीचें वय तिनें विचारलें, तिच्या मुलांची चौकशी केली, आणि मग आमच्या ताटांतून इंजेराचा एक तुकडा घेऊन त्यांत शिरो आणि गोमेन भरून तिनें तो घास मावशीपुढें धरला. भावाच्या सोबत्यानें हलक्या आवाजांत त्याचा अर्थ सांगितला. भावानें तें मराठींत करून सांगतांना "आई, नको असेल तर राहूं दे, मी सांगतों त्यांना" असें पुढें जोडलें.

मावशी क्षणभर थांबली. तिनें तोंड पुढें केलें नाहीं. परंतु मानहि हलविली नाहीं. डाव्या हातानें पदर सांवरून तिनें उजव्या हाताचा द्रोण केला आणि तीर्थप्रसाद घेतांना करतात तसा तो पुढें केला. यजमानिणीनें घास त्या ओंजळींत ठेवला. मावशीनें तो खाल्ला. मग आपल्या निराळ्या ताटांतला तुकडा तोडून, त्यांत मसुरीचें वत भरून, तिनें तो त्या बाईंच्या तोंडांत मात्र थेट घातला. ती बाई मनापासून हंसली. तिच्या देशांत एक गुर्शा दिला म्हणजे उलट गुर्शा यावाच लागतो. घरीं परततांना मी मावशीला कांहीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि सांगितलें नाहीं. साठ-सत्तर वर्षांचा नियम एका जेवणांत मोडावा अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होतें. पण नियमाला कोठें वळण देतां येतें हें तिला आमच्याहून चांगलें समजत होतें. मीं स्वतः तो घास तोंडांत घेतला तेव्हां मला कसलाच विचार पडला नव्हता, आणि म्हणून माझ्या घेण्याला तिच्या घेण्याइतकी किंमत नाहीं असें मी समजतों.

भाज्या संपल्यावर उरते ती तळची इंजेरा. तासभर सगळे रस शोषून ती भिजून गेलेली असते, आणि जाणते लोक पोटांत तिच्यासाठीं जागा ठेवतात. ती खाल्ली म्हणजे पत्रावळच खाल्ली; खरकटें म्हणून मागें कांहीं उरत नाहीं.

जेवणानंतर कॉफी. कॉफीचें झाड मूळचें इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील रानांतलें, आणि तेथें तिला 'बुना' म्हणतात. हा विधि सावकाशीचा आहे. जमिनीवर हिरवें गवत पसरतात, धूप घालतात. हिरव्या बिया पाहुण्यांसमोर तव्यावर भाजतात, आणि धूर निघूं लागला कीं तो तवा प्रत्येकापुढून फिरवितात. प्रत्येकजण हातानें तो धूर आपल्याकडे ओढून घेतो, आपण निरांजनाची आरती घेतों तसा. मग बिया कुटून 'जेबेना' नांवाच्या उंच मानेच्या मातीच्या सुरईंत उकळतात, आणि कान नसलेल्या लहान पेल्यांत ओततात. बरोबर लाह्या असतात. तेथें बहुधा मक्याच्या. एकाच चोथ्यावर पाणी घालून तीन वेळां कॉफी होते: पहिली 'अबोल', दुसरी 'टोना', तिसरी 'बेरेका', म्हणजे आशीर्वादाची. प्रत्येक फेरी आधीच्याहून सौम्य असते. तिसरा पेला घेतल्यावांचून उठणें बरें दिसत नाहीं, म्हणून ज्याला पुढें कामाला जावयाचें असेल त्यानें या भानगडींत पडूं नये. लहान उपाहारगृहांत हा विधि रोज होतोच असें नाहीं. आदल्या दिवशीं सांगून ठेवावें, आणि निदान दोन तास हातांत ठेवून जावें.